नवतारा : एका शब्दाची हकीकत

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अशा समारंभात पाहुण्याने शिक्षणाचे महत्त्व या विषयावर बोलावे असा रिवाज आहे. परंतु ते महत्त्व आपणांस पटलेले नसते तर आपण कामधंदा बाजूला ठेवून मुलाबाळांसह येथे आलाच नसता. म्हणून मी आज फक्त एका शब्दाविषयी बोलणार आहे. शब्द लॅटिन आहे, दोनच अक्षरांचा आहे : नोव्हा.

नोव्हा म्हणजे नवी. ‘स्टेला नोव्हा’ म्हणजे नवा तारा. आपल्या मराठी पुस्तकांत त्याला नवतारा म्हणतात. काल जेथे काहीच दिसत नव्हते तेथे आज एक ठळक तारा दिसू लागतो, काही दिवस झळकतो आणि मग मंद होत होत दिसेनासा होतो. परीक्षेत इतके लिहिले तर गुण मिळून जातील. पण गंमत अशी की हा तारा नवा मुळीच नसतो. उलट तो अतिशय म्हातारा असतो. मग म्हाताऱ्याला नवा का म्हणू लागले, कोणी म्हटले, आणि आज त्या शब्दाचा अर्थ काय घ्यायचा, ही हकीकत ऐकण्याजोगी आहे.

हे नाव रूढ झाले ते डेन्मार्कच्या ट्युको ब्राही या पंचवीस वर्षांच्या तरुणामुळे. ११ नोव्हेंबर १५७२ च्या संध्याकाळी त्याला शर्मिष्ठा तारकासमूहात एक परका तारा दिसला. तो शुक्राइतका तेजस्वी होता. ट्युकोचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना, तेव्हा त्याने बरोबरच्या नोकरांना आणि रस्त्याने जाणाऱ्या लोकांना विचारले, ‘तुम्हांलाही दिसतो ना?’ मग त्याने मोजमाप सुरू केले. शेजारच्या ताऱ्यांपासून त्याचे अंतर किती, हे तो पुनःपुन्हा मोजू लागला, तारा डोक्यावर असताना आणि खाली उतरल्यावरही.

असे का मोजायचे? आपण आता एक बोट नाकासमोर धरा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटा. बोट मागच्या भिंतीवर सरकल्यासारखे दिसते. वस्तू जवळ असेल तर पाहणाऱ्याची जागा बदलली की ती सरकते. पृथ्वी फिरते आणि आपल्याला बरोबर नेते, म्हणून चंद्र ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर थोडा सरकलेला दिसतो. हा नवा तारा मात्र तसूभरही सरकेना. म्हणजे तो चंद्राच्या पुष्कळ पलीकडे होता. त्या काळी युरोपात ॲरिस्टॉटलचे म्हणणे प्रमाण मानले जाई, की चंद्राच्या पलीकडे काही बदलत नाही. ट्युकोने १५७३ साली या ताऱ्यावर लहानसे पुस्तक काढले, त्याच्या नावातच ‘नोव्हा स्टेला’ हे शब्द होते. तेथून हा शब्द चालू झाला.

परंतु असे तारे ट्युकोपूर्वीही दिसले होते, आणि ज्यांनी ते पाहिले त्यांनी आपापल्या भाषेत नावे दिली होती. चिनी दरबारातील ज्योतिषी त्यांना पाहुणा तारा म्हणत. मला हे नाव फार आवडते. पाहुणा येतो, राहतो, जातो. तो कोठून आला याची पंचाईत नाही. आजच्या अरबी भाषेत शब्द आहे मुस्तइर, म्हणजे भडकलेला, पेट घेतलेला. खरे पाहता तिन्ही नावांत हेच सर्वांत सरस. लॅटिन नावाने ‘नवा’ म्हणून एक चुकीचा दावा केला, चिनी नावाने दावाच केला नाही, आणि अरबी नावाने जे घडते तेच सांगितले. पण जगात चालले मात्र लॅटिन नाव. शब्दांचे असेच असते.

आता मी आपणांस कैरोला घेऊन जातो. ट्युकोच्या साडेपाचशे वर्षे आधी, सन १००६, हिजरी ३९६. नाईलच्या काठी जीझा येथे अली इब्न रिद्वान नावाचा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा राहत होता. वडील नानवाई, म्हणजे भट्टीवर रोटी भाजणारे. घरी पैसा नाही. उस्तादाला द्यायला फी नाही. मुलाला हकीम व्हायचे होते. त्याने मिळतील त्या किताबा मिळवून स्वतःच अभ्यास सुरू केला, आणि पोट भरण्यासाठी थोडे ज्योतिष सांग, थोडी हकिमी कर, थोड्या शिकवण्या कर, असे तो करीत असे. हे सारे त्याने स्वतःच्या चरित्रात लिहून ठेवले आहे. पुढे हा मुलगा फातिमी खलिफाच्या दरबारात मुख्य हकिमाच्या पदापर्यंत पोचला.

त्या वर्षी दक्षिण क्षितिजाच्या बाजूला एक प्रचंड तारा उगवला. इतिहासात माणसाने पाहिलेला हा सर्वांत तेजस्वी तारा होय. चीन, जपान, इराक, येमेन, स्वित्झर्लंडचा मठ, सगळीकडे त्याची नोंद आहे. पण बहुतेकांनी लिहिले ते इतकेच, की मोठा तारा दिसला, लोक घाबरले. इब्न रिद्वानने काय लिहिले ते पहा. टॉलेमीच्या ग्रंथावर भाष्य करताना तो म्हणतो, की माझ्या शिक्षणाच्या सुरुवातीला मी हे पाहिले. तारा वृश्चिक राशीच्या पंधराव्या अंशात होता, सूर्याच्या बरोबर समोर. आकाराने शुक्राच्या अडीच ते तीन पट भासे. त्याचा प्रकाश चंद्रप्रकाशाच्या पाव हिश्शाहून थोडा अधिक होता. आणि यावर न थांबता त्याने त्या दिवशीच्या सूर्य, चंद्र आणि ग्रहांची स्थानेही देऊन टाकली.

ही शेवटची गोष्ट महत्त्वाची. ग्रहांची स्थिती म्हणजे आकाशाचे घड्याळ. अमुक ग्रह अमुक अंशावर, तमुक ग्रह तमुक अंशावर, असे सगळे जुळून येणारा दिवस हजारो वर्षांत एखादाच. आजच्या गणिताने ताडून पाहिले तर तो दिवस ३० एप्रिल १००६ निघतो. १९६५ साली रेडिओ दुर्बिणीच्या मदतीने त्या ताऱ्याचे अवशेष वृक या दक्षिणेकडील तारकासमूहात ओळखण्यात आले, सुमारे सात हजार प्रकाशवर्षे दूर. जागा शोधताना ज्या जुन्या नोंदी उपयोगी पडल्या त्यांत नानवाईच्या मुलाची नोंद अग्रभागी होती.

त्याच लेखात इब्न रिद्वानने पुढे असेही लिहिले आहे की या ताऱ्यामुळे लढाया झाल्या, दुष्काळ पडला, रोगराई आली. तो ज्योतिषावर जगलेला माणूस, त्याच्या काळाचा माणूस, त्याला दोष देण्याचे कारण नाही. पण एकाच पानावर दोन प्रकारचा मजकूर आहे हे आपण पाहिले पाहिजे. जे दिसले ते एक, आणि त्यावरून जे वाटले ते दुसरे. पहिल्यावर आजचे शास्त्रज्ञ काम करतात. दुसरा भाग कोणी उघडूनही पाहत नाही. आपल्या परंपरेत याची शिकवण इब्न रिद्वानच्या कितीतरी आधी मिळालेली होती. पैगंबर साहेबांचा (स.) लहानगा मुलगा इब्राहीम वारला त्या दिवशी सूर्यग्रहण लागले. लोक म्हणू लागले, सूर्यही शोक करतो आहे. त्या दुःखाच्या घडीसही पैगंबर साहेबांनी लोकांना सांगितले, की सूर्य-चंद्राला कोणाच्या मरणाने किंवा जन्माने ग्रहण लागत नसते.

इब्न रिद्वानचे आणखी एक प्रकरण सांगितल्यावाचून मला पुढे जाववत नाही. त्याच्या उतारवयात बगदादहून इब्न बुतलान नावाचा एक ख्रिस्ती हकीम कैरोला आला, आणि या दोघांचे असे कडाक्याचे भांडण जुंपले की विचारू नका. सुरुवात कशावरून, तर कोंबडीचे पिल्लू जास्त उष्ण की इतर पाखराचे पिल्लू! पुढे पत्रांमागून पत्रे झडली. इब्न रिद्वान दिसायला कुरूप होता, त्यावरूनही टोमणे निघाले. पण त्या भांडणात एक मोलाचा प्रश्न होता : विद्या किताबांतून मिळते की उस्तादाच्या तोंडून? स्वतः शिकलेला इब्न रिद्वान म्हणे, किताब पुरे. इब्न बुतलान म्हणे, लिहिलेला शब्द मुका असतो, शंका फेडायला माणूस लागतो. मी पेशाने शिक्षक असल्यामुळे मला इब्न बुतलानचे म्हणणे पटते. परंतु ज्याला फी परवडत नाही त्या मुलाला हे सांगून काय उपयोग? त्याच्या हाती निदान किताब पडली पाहिजे. ग्रहांचे अंश मोजायला इब्न रिद्वानला किताबांनीच शिकविले. आपल्या संस्थेच्या वाचनालयाची वेळ संध्याकाळी वाढवावी, अशी माझी पदाधिकाऱ्यांना या ठिकाणी विनंती आहे.

आणि नशिबाचा खेळ असा, की या दुसऱ्या हकिमाच्या वाट्यालाही एक तारा आला. इब्न बुतलान कैरो सोडून कॉन्स्टँटिनोपलला गेला. तेथे मोठी साथ आली. त्या साथीविषयी लिहिताना त्याने नोंद केली, की हिजरी ४४६ मध्ये मिथुन राशीत एक विलक्षण तारा उगवला होता. हिजरी ४४६ म्हणजे १०५४-५५. चिनी लोकांनी ४ जुलै १०५४ रोजी पाहिलेला पाहुणा तारा हाच, जो तेवीस दिवस भर उन्हातही दिसत होता. त्याचे अवशेष वृषभाच्या शिंगाच्या टोकाशी, मिथुनेच्या बाजूस आजही दुर्बिणीतून दिसतात. त्यांना क्रॅब म्हणजे खेकडा तेजोमेघ म्हणतात. इब्न बुतलानची ही नोंद हकिमांच्या एका जुन्या चरित्रकोशात पडून होती. ती या ताऱ्याची आहे हे १९७८ साली जगासमोर मांडण्यात आले. जन्मभर एकमेकांना पाण्यात पाहणारी दोन माणसे, आणि दोघांनीही एकेक तारा कागदावर उतरवून ठेवलेला!

आता पुन्हा शब्दाकडे वळू. एकोणिसाव्या शतकापर्यंत अचानक उजळणारा कोणताही तारा नोव्हाच म्हटला जाई. मग १८८५ साली देवयानी तारकासमूहातील एका धूसर ठिपक्यात असा तारा दिसला. हा ठिपका अब्दुर्रहमान अल्-सूफी यांनी सन ९६४ च्या सुमारास आपल्या ताऱ्यांच्या ग्रंथात लहानसा ढग म्हणून नोंदविलेला होता. पुढे त्याच ढगात छायाचित्रांवर आणखी नोव्हा सापडू लागले, परंतु ते १८८५ च्या ताऱ्यापेक्षा हजारो पटींनी मंद. एकाच ढगात, म्हणजे आपल्यापासून एकाच अंतरावर, दोन प्रकारचे नोव्हा? हा गोंधळ ढगाच्या अंतराचा निकाल लागेपर्यंत मिटला नाही. १९२३ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत एडविन हबल याला त्या ढगाच्या एका काचपट्टीवर नवा ठिपका दिसला. त्याने शेजारी नोव्हाचा ‘एन’ लिहिला. मग जुन्या पट्ट्यांशी ताडून पाहिल्यावर तो ‘एन’ खोडून त्याने लिहिले ‘व्हीएआर’, म्हणजे ठराविक काळाने मंद-तेजस्वी होणारा रूपविकारी तारा. त्या ताऱ्यावरून अंतर काढता आले आणि कळले की तो ढग नसून आपल्या आकाशगंगेबाहेरची दुसरी दीर्घिका आहे. एक अक्षर खोडले आणि विश्व मोठे झाले.

इतक्या दूर असून जो १८८५ चा तारा दुर्बिणीशिवाय जेमतेम दिसण्याइतका झळकला, त्याला साधा नोव्हा कसे म्हणायचे? १९३४ साली वॉल्टर बाडे आणि फ्रिट्झ झ्विकी यांनी अशा ताऱ्यांसाठी सुपरनोव्हा हे नाव पुढे आणले. आपण अतिनवतारा म्हणू. या नव्या वाटणीप्रमाणे ट्युकोचा तारा, इब्न रिद्वानचा तारा आणि इब्न बुतलानचा तारा हे तिन्ही अतिनवतारे ठरतात. म्हणजे ज्या ताऱ्यावरून नोव्हा हा शब्द रूढ झाला, तोच आज नोव्हा राहिलेला नाही!

दोघांत फरक काय? साधा नवतारा म्हणजे दोन ताऱ्यांचा संसार. त्यांतला एक श्वेतबटू, म्हणजे ज्याचे इंधन केव्हाच संपले असा म्हातारा. आकार पृथ्वीएवढा आणि वस्तुमान सूर्याच्या जवळपास, इतका तो दाटलेला. दुसरा तारा अजून भरलेला आणि फुगलेला. भरलेल्या ताऱ्याचा हायड्रोजन वायू म्हाताऱ्याच्या अंगावर ओघळत राहतो. वर्षानुवर्षे थर चढतो, खालून दाबला जातो, तापतो, आणि तापमान कोटीच्या पुढे गेले की तो सबंध थर एकदम भडकतो. नानवाईची भट्टी विझलेली दिसते, पण तळ गरम असतो. शेजारी त्यावर भुसा टाकीत राहिला तर एक वेळ अशी येते की सगळा ढीग भक्कन पेटतो, तसे काहीसे. उपमा इथवरच धरा, कारण ताऱ्यात जळणे नसते, अणुगर्भांचे एकत्र येणे असते. तारा हजारो पटींनी उजळतो, वरचा थर आकाशात फेकला जातो, पण भट्टी शाबूत राहते. पुन्हा थर चढू लागतो.

अतिनवताऱ्यात मात्र भट्टीच राहत नाही. काही वेळा फार मोठ्या ताऱ्याचा गाभा कोसळतो आणि बाकी सगळे उडून जाते. क्रॅबच्या पोटात असा कोसळलेला गाभा आहे, तो सेकंदाला सुमारे तीस गिरक्या घेतो. काही वेळा श्वेतबटू स्वतःच फुटून नाहीसा होतो. इब्न रिद्वानचा आणि ट्युकोचा तारा या दुसऱ्या जातीचा. श्वेतबटूला किती वजन पेलते याचे गणित मांडणारा तरुण मुंबई बंदरातूनच निघाला होता. १९३० साली सुब्रह्मण्यन चंद्रशेखर हा एकोणीस वर्षांचा विद्यार्थी बोटीने इंग्लंडला चालला होता. त्या प्रवासात त्याने हिशेब केला, की श्वेतबटूच्या वस्तुमानाला मर्यादा आहे. आज ती सूर्याच्या सुमारे १.४ पट धरतात. तिकडच्या थोर शास्त्रज्ञाने त्याची भर सभेत थट्टा केली. नोबेल पारितोषिक मिळाले १९८३ साली.

पालकहो, आपल्यापैकी काही जण मनात म्हणत असतील, की हे सगळे केंब्रिजला जाणाऱ्यांचे काम. तर मग जेसोरच्या राधागोविंद चंद्रांविषयी ऐका. जेसोर आज बांगलादेशात आहे. हे गृहस्थ प्रवेश परीक्षेत तीनदा नापास झाले आणि सरकारी तिजोरीत कारकून म्हणून चिकटले. त्यांच्याजवळ एक द्विनेत्री होती. जून १९१८ मध्ये गरुड तारकासमूहात त्यांना एक अनोळखी तारा दिसला. अनोळखी हे त्यांना कळले, कारण तेथे रोज कोण असते हे त्यांना पाठ होते. १६०४ च्या केप्लरच्या ताऱ्यानंतर इतका तेजस्वी नवतारा पृथ्वीवरून दिसला नव्हता. त्याच सुमारास जगात इतरांनीही तो स्वतंत्रपणे पाहिला. रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षकांची एक अमेरिकन संघटना आहे. तिने चंद्रांना सभासद करून घेतले, सहा इंची दुर्बीण पाठविली, आणि या कारकुनाने त्या संघटनेला सदतीस हजारांहून अधिक नोंदी पाठविल्या.

आपल्या महाराष्ट्रातही हे काम चालते. भुजंगधारी समूहात एक नवतारा आहे जो वारंवार पेटतो : १८९८, १९३३, १९५८, १९६७, १९८५, २००६ आणि २०२१. पैकी २००६ च्या स्फोटाच्या वेळी त्याच्या लांब लहरींचे रेडिओ संदेश प्रथमच टिपले गेले, ते नारायणगावजवळच्या खोडद येथील महाकाय दुर्बिणीने. ही दुर्बीण पुणे जिल्ह्यात आहे आणि शाळेची सहल तेथे सहज जाऊ शकते.

शेवटी मुलांसाठी एक काम. मे महिन्यात रात्री दहानंतर पूर्वेकडे उंच पहा. नारिंगी, ठळक स्वाती सापडेल. तिच्या खाली थोड्या अंतरावर सात-आठ ताऱ्यांची अर्धी वाटी आहे, तिला उत्तर मुकुट म्हणतात. अरब लोक तिला मिस्कीनांचे वाडगे म्हणत. कड फुटलेली, म्हणून गरिबाची. तिच्यातील सर्वांत ठळक ताऱ्याचे अल्फेका हे नावही अरबीच. या वाडग्याच्या डाव्या टोकाशी एक तारा आहे, जो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तो १८६६ साली पेटला, १९४६ साली पेटला, दोन्ही वेळा जवळजवळ अल्फेकाएवढा झाला आणि आठवड्याभरात विझला. २०२४ साली तो पुन्हा पेटेल म्हणून जगभरचे हौशी निरीक्षक डोळे लावून बसले होते. त्या वर्षी काही तो पेटला नाही.

तेव्हा एक वही करा. वाडग्यातले तारे किती दिसले, कोण ठळक, कोण मंद, एवढेच लिहायचे. तारीख इंग्रजी घाला, हिजरीही घाला, वेळ घाला आणि ढग असतील तर ढग होते असे लिहा. आईवडिलांनी रात्री गच्चीवर जायला हरकत घेऊ नये, मुलींनासुद्धा. वाटल्यास स्वतःही बरोबर जावे.

माझा वेळ संपत आला आहे. मुलींच्या बाजूने तिसऱ्या रांगेत एक हात मघापासून वर आहे. अध्यक्षांची परवानगी असेल तर पहिला प्रश्न तेथून घेऊ.